दुपारी बाराची रात्र

आमच्या विभागाच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे दुपारी बारा वाजता मध्यरात्र असते. झाडं वाढवायची ती खोली. तिच्यातले दिवे संध्याकाळी आठला लागतात आणि पहाटे चारला विझतात. झाडांचा दिवस आठ तासांचा, रात्र सोळा तासांची. ही उलटापालट खोली सांभाळणाऱ्या मामांनी फार पूर्वी करून ठेवली. दिवे तापतात, भर उन्हाच्या वेळी ते चालू ठेवले तर खोली थंड करणारं यंत्र धापा टाकतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हालाही ते सोयीचं पडलं. झाडांची मध्यरात्र गाठायला जागरण नको. जेवायच्या आधी खाली जायचं, डोक्याला हिरवा दिवा बांधून अंधारात पानं कापायची आणि वर येऊन डबा उघडायचा. हिरवा उजेड झाडांना जवळजवळ दिसत नाही, असं आम्ही धरून चालतो.

या विद्यापीठात माझं हे सहावं वर्ष. झाडाचं शरीर कसं चालतं आणि त्याच्या पेशींतली जनुकं त्यात काय काय करतात, हा माझा विषय. बाहेर कुणी विचारलं तर मी 'झाडांवर काम करते' एवढंच सांगते. मग ते त्यांच्या कुंडीतल्या पिवळ्या पानांबद्दल विचारतात, मी 'पाणी कमी घाला' म्हणते आणि विषय संपतो. सहा वर्षांत माझ्या ज्ञानाचा जगाला झालेला उपयोग तेवढाच.

माझं झाड म्हणजे एक वेल. कुंपणावर कुणी न लावता उगवते, निळी फुलं देते, आणि रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि अखंड मिळाली तरच ती फुलते. मधेच कुणी उजेड पाडला, अगदी पाच-दहा मिनिटं, तर तिची मोजणी फिसकटते आणि ती फुलायचं रद्द करते. यात नवीन काही नाही, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. दर वर्षी मीच शिकवते.

रात्र मोजतं कोण, हा प्रश्न मात्र उरतोच. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, एका जनुकाचा दाट संशय होता. ते जनुक मोडलेली रोपं तयार करण्यात माझी तीन वर्षं गेली. त्यातलं दीड वर्ष काहीच उगवत नव्हतं, ते धरून. मूळ रोपांना आम्ही 'साधी' म्हणायचो, जनुक मोडलेल्यांना 'मोडकी'. दोन्ही एकाच खोलीत, एकाच लांब रात्रीत वाढवली. साधी रोपं बत्तिसाव्या दिवशी कळ्या घेऊन तयार. मोडकी पन्नास दिवस झाले तरी नुसती पानं काढत बसलेली. पानात 'आता फुला' असा एक निरोप तयार होतो. पानं कुटून, रस गाळून तो निरोप शोधला, तर मोडक्यांत तोही सापडेना. तीनदा केलं, तीनदा तेच. तिसऱ्या वेळी मॅडम स्वतः उठून माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. त्या असं कुणासाठी करत नाहीत.

शोधनिबंध लिहिला, पाठवला. तपासणाऱ्यांनी एकच अट घातली: हा प्रयोग दुसऱ्या हातानं एकदा करून दाखवा. दुसरा हात म्हणजे नवी. तिला येऊन दोन वर्षं झाली, तरी तिच्यानंतर कुणी आलंच नाही म्हणून ती अजून नवीच. मी तेव्हा वरच्या मजल्यावर प्रबंध लिहीत बसले होते. माझी तिसरी आणि शेवटची मुदतवाढ चालू होती, पाठ धरली होती, मान धरली होती, आणि खाली चाललेल्या प्रयोगाची मला काडीची काळजी नव्हती. तीनदा जमलेली गोष्ट चौथ्यांदा का जमणार नाही?

नवीची मोडकी रोपं बत्तिसाव्या दिवशी फुलली. सगळीच्या सगळी.

बैठकीत मॅडमनी तिच्या वहीची पानं उलटली आणि म्हणाल्या, "बियाणं मिसळलंय."

"नाही मॅडम, मी पाकिटं—"

"मिसळलंय. दुसरं काय असणार? हिनं तीन वेळा केलंय."

'हिनं' म्हणजे मी. मी मान हलवली. नवी रडली नाही, पण तिचे कान लाल झाले आणि बैठक संपेपर्यंत ती टेबलावरच्या एका खिळ्याकडे बघत राहिली. पुढचे चार दिवस तिनं प्रत्येक रोपाचं एकेक पान घेऊन त्यातलं जनुक तपासलं. सगळी मोडकीच निघाली. बियाणं बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, मग तपासणीतच काहीतरी घोळ घातला असशील. एकदा कुणावर खापर फोडायचं ठरलं की ते कशानंही फुटतं.

"तू जरा बघ," त्यांनी मला सांगितलं, "ती नेमकं काय चुकतेय ते. उत्तर पाठवायला आपल्याकडे फार दिवस नाहीत. आणि नाहीच सापडलं, तर तिला या कामातून काढू, तूच पुन्हा कर."

मला आणखी काही करायचं नव्हतं. मला पदवी नको होती, कीर्ती नको होती, एक आठवडाभर कुणी हाक न मारता झोपायचं होतं. म्हणून मी नवीची वही घेतली आणि तिची चूक शोधायला खाली गेले.

वहीत चूक नव्हती. पोरीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, नोंदी माझ्यापेक्षा नीट. माती तीच, पाणी तेच, रोपांच्या ओळीसुद्धा त्याच. खोलीत दोन मांडण्या आहेत आणि मधे काळं जाड कापड टांगलेलं आहे, कुणाच्या तरी जुन्या प्रयोगातलं, कुणी काढलंच नाही. माझ्या पहिल्या प्रयोगात साधी रोपं कापडापलीकडे गेली आणि मोडकी अलीकडे, दाराकडच्या मांडणीवर. ते योगायोगानं. खरं तर दोन्ही मांडण्यांवर दोन्ही रोपं मिसळून ठेवायला हवीत, हेही मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पण पहिला प्रयोग जमला, आणि जमलेल्या प्रयोगाची जागा आमच्यात कुणी बदलत नाही. नवस बोलणाऱ्याला हसणारी माणसं आम्ही. पण ज्या बाटलीतल्या पाण्यानं प्रयोग जमला, ती रिकामी झाली तरी तीच भरून वापरतो. नवीनंही मोडकी रोपं दाराकडेच ठेवली होती, कारण माझ्या वहीत तसंच होतं.

बारा वाजायला आले होते. डोक्यावर हिरवा दिवा, पुढे हिरव्या अंधारात नवीची फुललेली रोपं. पाय दुखत होते म्हणून मी दाराकडच्या मांडणीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले. माझंच जुनं स्टूल. बसले, पाय लांब केले आणि खिशातून फोन काढला. अंगठा आपोआप दिव्याच्या खुणेवर गेला.

तिथेच मी थांबले.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहते आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करते. आईवडील दोघंही दिवसभर नोकरीला, त्यामुळे मी आत्याच्या मशीनखाली चिंध्यांत वाढले. कपडा अंगावर कुठे ओढतोय एवढं बघून कुठली शिवण चुकली ते सांगणारी बाई. विद्यापीठातल्या माझ्या चौथ्या वर्षी ती पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वर्ष-सव्वा वर्ष अंथरुणावर होती. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी सहाला भरायचं. दुपारी ती एकटी पडायची, आणि एकटी पडली की तिला वाटायचं, आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही. तसं ती बोलायची नाही. 'आज छताच्या पंख्याला तीन पाती आहेत असं लक्षात आलं' असं काहीतरी बोलायची.

म्हणून मी तिला रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. वरच्या मजल्यावर कुणी ना कुणी काम घेऊन यायचं. खाली खोलीत शांत, थंड, अंधार. मी स्टुलावर बसून डब्यातले चार घास खायचे आणि आत्याशी बोलायचे. तिला मी दिसावी म्हणून व्हिडिओवर. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अगं, हे काय शेवाळात बसल्यासारखी दिसतेयस. जरा पांढरा दिवा लाव की. तुझी पोरं तरी बघू दे मला."

मी लावला. एका मिनिटापुरता, असं म्हणून. मग रोजच लावायचे. फोनचा दिवा रोपांवर धरायचे, एकेक कुंडी दाखवायचे. आत्याला काही रोपं ओळखू यायला लागली होती. एकाला ती 'लंगडी' म्हणायची, ते वाकडं वाढलं होतं म्हणून. रोज पंधरा मिनिटं, कधी वीस. आणि रोज शेवटी विचारायची, "फुललं का गं?" मी म्हणायचे, "नाही आत्या." म्हणताना मला आनंद व्हायचा, कारण मोडकी न फुलणं म्हणजे माझा प्रबंध. आत्या उसासा टाकायची.

तिन्ही प्रयोग त्याच सव्वा वर्षातले. नंतर आत्या उठली, काठी घेऊन चालायला लागली, मशीनवर बसली. आता दुपारी तिला फोन उचलायला फुरसत नसते. आणि रोपं फुलली.

मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. कुणी परीक्षेत विचारलं असतं, 'लांब रात्र पाच मिनिटांच्या उजेडानं मोडली तर काय होईल', तर मी दोन पानं आकृतीसह लिहिली असती. हिरव्या दिव्याच्या काचेला चीर गेली तर मी ती बदलायचे, मामांना दाराच्या फटीला रबर लावायला लावलं होतं. पण माझ्या दृष्टीनं ती रात्र नव्हतीच. काम करताना असायची. डबा उघडला की दुपारचे बारा वाजायचे आणि ती माझी जेवणाची सुट्टी असायची. इतकी वर्षं उलट्या घड्याळात राहून मी दमल्यावर सुलट्या घड्याळात जात होते, एवढंच. ते झाडांना कळायचं काही कारण नव्हतं.

मी फोन खिशात ठेवला, वर गेले आणि डबा उघडला. तसाच पुन्हा बंद केला.

आता खरं सांगते, मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. पंधरा मिनिटांच्या त्या फोनांची नोंद कुठल्याही वहीत नव्हती. मी, आत्या आणि फोनची कंपनी, एवढ्यांनाच ते ठाऊक, आणि तिघांपैकी कुणी शोधनिबंध वाचणार नव्हतं. मी नुसती मूग गिळून बसले असते तरी पुष्कळ होतं. नवी धांदरट ठरली असती, तपासणाऱ्यांना काहीतरी पटेलसं उत्तर गेलं असतं, मला पदवी मिळाली असती. पुढे कुणाला तरी, कुठल्या तरी खोलीत, तीच रोपं फुललेली दिसली असती आणि त्याचं त्यानं डोकं फोडलं असतं. तोवर मी झोपले असते. मी त्या दोन दिवसांत प्रबंधाची चार पानं लिहिली. चांगली उतरली होती.

तिसऱ्या दिवशी नवी माझ्या टेबलाशी आली. हातात दोन कप चहा. एक माझ्यापुढे ठेवला.

"ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"तुम्ही प्रयोग करताना असं काही करत होता का, जे वहीत लिहिलेलं नाही? म्हणजे सवयीचं काही. मी सगळं जुळवून बघितलं. काही सापडत नाही. मला वाटलं, कधी कधी आपण करतो आणि लिहायचं राहतं."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

"बरं." तिनं आपला कप दोन्ही हातांत धरला. "मी घरी सांगितलंय की मला बहुतेक हे जमायचं नाही. आई म्हणाली, सोड मग आणि ये. मॅडमशी सोमवारी बोलते." मग माझ्या कपाकडे बघून म्हणाली, "साखर कमी आहे, तुम्हाला लागते तशी."

ती गेली. मी तो चहा प्यायले नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला. खोटं बोलल्यावर ते सांभाळायलाही अंगात जोर लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. मी धैर्यवान वगैरे नाही. मी दमले होते, आणि पुढची सगळी वर्षं हे एक ओझं आणखी वाहायचं मला जमलं नसतं. नवीची आई तिला 'ये' म्हणाली होती, तेही टोचत होतं.

मी उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्या काही तपासत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"फोन?" त्या म्हणाल्या.

"हो."

"पांढरा दिवा."

"हो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. कधी वीस. रोज बारा वाजता."

त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. या जनुकाच्या मागे त्या माझ्या आधीपासून होत्या.

"तू शिकवतेस हे मुलांना," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मी तुला शिकवलं."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुकटुक आवाज बराच वेळ चालला.

"पण हे तुला नुसतं वाटतंय," अखेर त्या म्हणाल्या. "फोन होता तेव्हा फुलली नाहीत, नव्हता तेव्हा फुलली. अशाच अपुऱ्या पुराव्यावर मी नवीला चूक ठरवायला नको होतं, तरी ठरवलं. आता एवढ्यावर तुलाही ठरवणार नाही. करून दाखव. दोन्ही मांडण्यांवर दोन्ही रोपं. अलीकडे फोन, पलीकडे कापड. जसं केलंस अगदी तसंच कर. तोच फोन, तेच स्टूल, तितकाच वेळ. चाळीस दिवस."

"आणि तसंच निघालं तर?"

"तर निबंध मागे घ्यायचा. आणि प्रबंधात लिहायचं की या जनुकाचा रात्र मोजण्याशी संबंध नाही. तेही उत्तरच आहे. लहान आहे, पण उत्तर आहे."

"पदवी मिळेल?"

"परीक्षक कोण येतात त्यावर आहे," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "नवीला खाली जाऊन मीच सांगते. तू तुझं वेगळं सांग."

मी माझं वेगळं सांगितलं. नवी कुंड्या धूत होती. मी म्हटलं, "तुझं बियाणं बरोबर आहे, तुझी तपासणी बरोबर आहे. मघाशी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले." आणि फोनचं सांगितलं. तिनं नळ बंद केला. हातातली कुंडी तीनदा पुसली.

"मी चार रात्री झोपले नाही, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही." मग तिनं नळ पुन्हा सोडला. "कुंड्या किती लागतील? चाळीस? मग ह्या पुरायच्या नाहीत."

माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी चाळीस कुंड्या भरल्या. या वेळी चिठ्ठ्या टाकून रोपांच्या जागा ठरवल्या. चिठ्ठ्या नवीनं उचलल्या.

राहता राहिली आत्या. 'अगदी तसंच' करायचं म्हणजे दुपारी बारा वाजता तिला फोन लावायचा. खरं तर नुसता दिवा धरून बसले असते तरी चाललं असतं. झाडांना आत्याशी देणंघेणं नाही. पण पहिल्या दिवशी मी गप्प दिवा धरून बसले आणि सहाव्या मिनिटाला मला डुलकी लागली. दुसऱ्या दिवसापासून आत्याला फोन लावला.

"मॅडमनी सांगितलंय," मी तिला म्हटलं. "चाळीस दिवस रोज पंधरा मिनिटं तुझ्याशी बोलायचं."

"मॅडमनी?" आत्या खूश झाली. "माझ्याशी? बघ, मी म्हणत होते ना, त्या बाईला समज आहे."

आणि बारा वाजले की ती मशीन थांबवायची. गिऱ्हाईक असलं तर त्याला सांगायची, "थांबा जरा, विद्यापीठाचं काम आहे." फोन कापडाच्या ढिगाला टेकवून ठेवायची, गळ्यात मोजपट्टी, नाकावर चष्मा. मी दिवा अलीकडच्या रोपांवर धरायचे. ती विचारायची, लंगडी कुठाय? मी म्हणायचे, ही वेगळी रोपं आहेत, आत्या. ती म्हणायची, मग यातली एखादी कर लंगडी. तिला कारण सांगायचं मी रोज उद्यावर ढकललं. गावभर सांगत असते ना ती, मी अंथरुणात पडल्या पडल्या पोरीच्या प्रयोगावर नजर ठेवली म्हणून तो जमला.

तेहतिसाव्या दिवशी पावणेबाराला मी हिरवा दिवा बांधून खाली गेले आणि आधी कापडापलीकडे पाहिलं. वीसच्या वीस रोपांवर कळ्या. साधी, मोडकी, दोन्हींवर, पिळून ठेवलेल्या दोऱ्याच्या टोकासारख्या बारीक. अलीकडे आले. साध्यांवर नाहीत, मोडक्यांवर नाहीत. पुन्हा मोजलं. जनुकाचा काही संबंध नव्हता. रोपांना जनुक असो वा नसो, माझ्या फोनचा उजेड मात्र सगळ्यांना सारखाच कळला होता. मला रडू आलं नाही. स्टुलावर बसले, घड्याळ लावलं आणि आत्याला फोन केला, कारण चाळीस दिवस व्हायला अजून आठवडा होता.

"फुललं का गं?" आज तिनं आधीच विचारलं.

"पडद्यामागची फुलली, आत्या. म्हणजे कळ्या आल्यात. ही समोरची नाहीत."

"दोन्हीकडे झाडं तीच?"

"तीच."

"माती? पाणी?"

"तेच सगळं."

आत्यानं चष्मा वर केला आणि फोनजवळ आली. शिवण चुकलेला कपडा पुढ्यात आला की ती अशीच बघते.

"मग पडद्यानं अडवलं काय?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. खोलीतलं यंत्र बिघडलं, मामा विसरले, काहीही. "उजेड," मी म्हटलं.

"कसला उजेड? अंधारच तर असतो म्हणालीस ना तिथे, तुझ्या झाडांची रात्र."

दिवा माझ्या हातात होता, आणि ती त्याच्याच उजेडात बघत होती.

"ह्या फोनचा?" आत्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे मी पडले होते तेव्हाही."

"हो."

ती मागे सरली. गळ्यातली मोजपट्टी काढून तिनं बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"सहा वर्षं गं तुझी," ती म्हणाली.

"सहा नाही, सव्वा."

"मला दाखवायला म्हणून."

"तू कुठे मागत होतीस? मीच दाखवत होते."

"मागत होते की. रोज मागत होते." तिचा आवाज बारीक झाला. मग एकदम हात पुढे आला आणि फोनच्या काचेवर तिचा अंगठा दिसला, एवढा मोठा. "मग ठेव फोन. ठेव आधी. फुलू दे त्यांना."

"आत्या, ठेवू नकोस. पंधरा मिनिटं पूर्ण व्हायला हवीत. आठच झालीत."

"आणि नाही झाली तर?"

"तर सिद्ध होणार नाही."

"काय सिद्ध होणार नाही?"

"की चूक माझी होती. त्या पोरीची नव्हती."

अंगठा तसाच राहिला थोडा वेळ. मग बाजूला झाला आणि आत्याचा चेहरा परत दिसायला लागला. डोळे पुसायला तिनं हाताला लागली ती चिंधी घेतली होती.

"मग धर नीट," ती म्हणाली. "हात हलतोय तुझा."

मी दुसरा हात फोनखाली लावला. सात मिनिटं बाकी होती.